बेरीज कुणी करायची?

खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळ बारापेडेच्या गुहा आहेत. तिथल्या एका वटवाघळामुळे बेळगाव जिल्ह्याचं नाव जगभरच्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत गेलं. ओल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ मध्ये त्याचं पहिलं वर्णन छापलं आणि मुंबई इलाख्याच्या वनखात्यात हयात घालवलेल्या रॉटन यांचं नाव त्याला दिलं. पुढे जवळपास नव्वद वर्षं हा प्राणी बारापेडेखेरीज दुसरीकडे कुठेही सापडला नाही. मग मेघालयात आणि कंबोडियात त्याची नोंद झाली. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत कित्येक वर्षं देशातली दोनच वटवाघळं होती, त्यांतलं एक हे. (फळं खाणारी वटवाघळं त्याच कायद्याच्या दुसऱ्या टोकाला, उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. त्यांनी जंगलात पेरलेल्या झाडांचा हिशेब त्या यादीत कुठेच नव्हता.)

इतकी थोडी संख्या आणि इतकी लहान जागा, म्हणजे हा जीव संकटात असणारच, असं कुणालाही वाटेल. पण तो काही कालपरवा दुर्मीळ झालेला नाही. माणसाने शेती सुरू करण्याआधीपासून तो असाच थोडका असावा आणि त्याचं काही अडलं नाही. दुर्मीळ असणं हा कित्येक जीवांचा जगण्याचा रीतसर मार्ग आहे. सह्याद्रीतल्या एकेका सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावर, एकेक वनस्पती अशी आहे की शेजारच्या सड्यावर शोधून सापडत नाही. चोर्ल्याच्या परिसरातून २००७ मध्ये जगापुढे आलेलं म्हादईचं देवगांडूळ (गांडुळासारखा दिसणारा, बिनपायांचा, बेडकाच्या गोतातला जीव) तसंच. तेव्हा प्राणी नि वनस्पती का संपायला लागतात, याचं उत्तर संख्येत शोधलं तर हाती काही लागत नाही. उलट, ज्यांची संख्या अफाट होती तेच आपल्या डोळ्यांदेखत गेले.

गिधाडांचं घ्या. आज चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही गावाबाहेर मेलेलं जनावर टाकायची जागा आणि तिथे उतरणारी गिधाडं आठवत असतील. देशात ती कोटींच्या घरात होती. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांतली हजारात नऊशे नव्व्याण्णव गेली. शिकार कुणी केली नव्हती, जंगलही कुणी तोडलं नव्हतं. गुरांच्या अंगदुखीवर, तापावर डायक्लोफेनॅक हे स्वस्त औषध मिळू लागलं होतं. औषध दिलेलं जनावर दोन-तीन दिवसांत मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. हे कारण २००४ मध्ये उघडकीस आलं आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी या औषधाच्या उत्पादनावर बंदी घातली. एवढी गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. त्यापुढची ठाऊक नसते, आणि माझ्या मते सगळा मुद्दा तिच्यातच आहे.

शास्त्रज्ञांनी गणित मांडलं: गिधाडं या वेगाने संपायला किती जनावरांच्या मढ्यांत हे विष असावं लागेल? उत्तर आलं, दर एकशे तीस ते सातशे साठ मढ्यांमागे एकात. म्हणजे शेकडा एकाहूनही कमी. गावच्या गोठ्यात उभ्या असलेल्या शेतकऱ्याने किंवा जनावरांच्या डॉक्टरने स्वतःपुरता कितीही विचार केला असता, तरी आपण गिधाडं संपवतो आहोत असं त्याला वाटलं नसतं, आणि वाटायचं कारणही नव्हतं. त्याने दिलेल्या इंजेक्शनाचं पाप शून्याच्या जवळपास होतं. पण गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं आणि पिल्लू स्वतः अंडं घालायच्या वयाला यायला पाच-एक वर्षं लागतात. ज्याचं व्याज इतकं तुटपुंजं आहे, त्याच्या मुद्दलाला हात लावला की ती तूट भरून येत नाही. उंदराचं तसं नाही, कावळ्याचंही नाही. त्यांच्यातली निम्मी मारली तरी दोन हंगामांत ती पुन्हा हजर.

जीव संकटात येण्याचं कारण म्हणून मी बोट ठेवीन ते इथे. हळू वाढणाऱ्या, एकाच जागी चिकटून राहणाऱ्या, थोडी पिल्लं घालणाऱ्या जीवांना ‘थोडंसं’ नुकसानही परवडत नाही, आणि आपली सगळी सरकारी व्यवस्था थोड्याथोड्याला परवानगी देण्यावर उभी आहे. प्रत्येक अर्ज वेगळा तपासला जातो. प्रत्येक अर्जातलं नुकसान नगण्य ठरतं, आणि बहुतेक वेळा ते खरोखरच नगण्य असतं. खोटं कुणी बोलत नाही. बेरीज मात्र कुणीच करत नाही.

ही गोष्ट देशभर खरी आहे, पण आपल्या सीमाभागात तिला आणखी एक पीळ पडतो. इथे बेरीज करायची तर तीन राज्यांच्या वह्या एकत्र उघडाव्या लागतात. भीमगड अभयारण्य साधारण एकशे नव्वद चौरस किलोमीटरचं. त्याच्या पश्चिमेला गोव्याचं म्हादई अभयारण्य, दक्षिणेला काळी व्याघ्र प्रकल्प, उत्तरेला चंदगड-तिलारीकडून राधानगरीपर्यंत गेलेलं महाराष्ट्राचं जंगल. वाघाला हे सगळं एक आहे. गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या गोळावलीला २०२० च्या जानेवारीत चार वाघांचा विषबाधेने मृत्यू झाला. गुरं मारली म्हणून कुणीतरी मढ्यात विष घातलं होतं. ती बातमी गोव्याची म्हणून छापली गेली, गोव्याची म्हणून विसरली गेली. पण ज्या भागात वाघ असे मोजकेच आहेत, तिथे एका झटक्यात चार जाणं हा भीमगडचाही तोटा होता नि काळीचाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२३ मध्ये म्हादई व्याघ्र प्रकल्प घोषित करा असा आदेश दिला, तेव्हा गोवा सरकार त्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. कर्नाटकाच्या बाजूने व्याघ्र प्रकल्प, गोव्याच्या बाजूने व्याघ्र प्रकल्पाला विरोध, आणि वाघ एकच.

युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या एकोणचाळीस जागांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. ती यादी नकाशावर ठेवून पाहावी. वरून कास, कोयना, चांदोली, राधानगरी असं येतं, आणि तिथून थेट खाली सोमेश्वर-आगुंबे-कुद्रेमुखच. मधला आंबोली, चंदगड, खानापूर, गोवा, सुपा, दांडेलीचा सलग पट्टा यादीत नाही. तिथे वारसा म्हणावं असं काही नव्हतं, असं या डोंगरांत एकदा पावसाळ्यात हिंडलेला माणूस तरी म्हणणार नाही.

आता म्हादईचं पाणी. नदी उगम पावते आपल्या खानापुरात, देगावच्या बाजूला. मलप्रभेचा उगम कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ. दोन्ही उगमांत अंतर फारसं नाही, पण एकीचं पाणी अरबी समुद्राला जातं, दुसरीचं कृष्णेतून बंगालच्या उपसागराला. कळसा आणि भंडुरा हे ओहोळ वळवून मलप्रभेत सोडायचे, ही योजना कित्येक वर्षं गाजते आहे. लवादाने २०१८ च्या ऑगस्टमध्ये निवाडा दिला: गोव्याला चोवीस टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट), महाराष्ट्राला १.३३, कर्नाटकाला १३.४२, आणि त्यातलं मलप्रभेकडे वळवायचं ३.९. नदीचं भरवशाचं एकूण पाणी लवादाने धरलं १८८ टीएमसीच्या आसपास. म्हणजे वळवायचं पाणी शेकडा दोन. हुबळी-धारवाडच्या नळाला, नरगुंदच्या तहानलेल्या शेतकऱ्याला शेकडा दोन पाणी द्यायला नाही म्हणणारा माणूस निर्दयच म्हणायचा.

पण हे दोन टक्के संपूर्ण नदीचे आहेत, आणि पाणी संपूर्ण नदीतून उचललं जाणार नाही. ते उचललं जाणार अगदी माथ्यावरच्या दोन ओहोळांतून. गोव्यात म्हादईची मांडवी होते; तिच्या मुखाशी उभं राहिलं तर फरक कळणारही नाही. कणकुंबीच्या ओहोळात जन्म काढणाऱ्या माशाला, बेडकाला, दगडाखालच्या खेकड्याला त्या शेकडा दोनचा काही उपयोग नाही. त्याच्या लेखी ते फार मोठं पाणी आहे. एखाद्या जातीचा सगळा संसार दोन-चार ओहोळांत असेल, तर भागाकार त्या ओहोळांनी करायला हवा. लवादापुढे वकिलांनी तो केला संपूर्ण नदीने. शिवाय ही पिण्याच्या पाण्याची योजना असल्यामुळे तिला पर्यावरणीय मंजुरी लागत नाही, असं केंद्र सरकारने २०१९ मध्ये कळवलं. माणसाला पिण्याचं पाणी लागतं हे निर्विवाद आहे. पण तेवढ्यावरून पाणी जिथून काढायचं तिथे काय राहतं हे पाहण्याची जबाबदारी संपत नाही.

याच जंगलातून होस्पेट-हुबळी-लोंढा-वास्को रेल्वेचा दुसरा मार्ग टाकायचा होता. तिनईघाट ते कुळे हा त्यातला घाटातला टप्पा. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये त्याची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली, म्हणून तो थांबला. खानापूर-अनमोड रस्ता रुंद झाला. उच्च दाबाच्या वीजवाहिन्यांचे मनोरे आले. प्रत्येकाची फाइल वेगळी, मंत्रालय वेगळं, वर्ष वेगळं. गव्याचा कळप एकाच वर्षात या सगळ्यांना ओलांडतो.

लहान जीवांची दखल तर आपण घेतच नाही, आणि झाडांची त्याहून कमी. आंबोलीपासून खानापूरपर्यंतच्या जंगलात नरक्या नावाचं मध्यम उंचीचं झाड आहे. त्याचा वास असा की जळणालाही कुणी तोडत नसे. १९६६ मध्ये अमेरिकेत एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळं काढलं गेलं. कर्करोगावरची काही महत्त्वाची औषधं त्यापासून बनतात. १९७२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवलं की हेच द्रव्य आपल्या नरक्यात भरपूर आहे. मग व्हायचं तेच झालं. औषध बाजारात मोलाचं, तोडणाऱ्याच्या हाती दिवसाची मजुरी, आणि झाड मुळासकट उपटलेलं, कारण मुळातही माल असतो. कर्करोगाच्या रोग्याला औषध मिळू नये असं मी म्हणत नाही. पण ज्या कंपन्यांना हा माल लागतो, त्यांच्याकडून एकाला दहा झाडं लावून घेणं अवघड नव्हतं. नरक्या लागवडीखाली येतो. जंगलातलं फुकट मिळत असताना लागवडीचा खर्च कोण करील? एका राज्यात तोडलेलं लाकूड दोन तासांत दुसऱ्या राज्यात पोचतं, आणि तिथल्या नाक्यावर ते कुठल्या डोंगरातलं हे सांगणारं काही उरत नाही.

याच्या उलट एक उदाहरणही द्यायला हवं. कंदीलपुष्पाच्या कित्येक जाती सह्याद्रीतल्या एखाद-दुसऱ्या डोंगरापुरत्या उरल्या आहेत. त्यांचे कंद गुराखी पोरं खणून खातात, रानडुकरं खातात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एस. आर. यादव यांनी नि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या जाती शोधल्या, बागेत वाढवल्या, पुन्हा रानात नेऊन लावल्या. एका विभागाने चिकाटीने लक्ष घातलं तर वेली परत येतात. मात्र ज्या सड्यावर त्या लावायच्या तो सडाच बॉक्साइटसाठी खरवडला गेला असेल, तर विद्यापीठ काय करणार?

जंगलाबद्दल निदान बोललं तरी जातं. जिल्ह्याच्या पूर्वेला गोकाक, रायबाग, अथणी, सौंदत्तीकडे माळ होते, त्यांच्याबद्दल तेवढंही नाही. झाड नाही म्हणजे काही नाही, ही आपली समजूत. माळ म्हणजे पडीक जमीन असं सरकारी दप्तरातही पक्कं. त्यामुळे पाणी आलं की तिथे ऊस, पाणी नाही आलं तर वनखात्याचं अकेशियाचं नाहीतर निलगिरीचं वन. माळावर झाडं लावून माळाचं जंगल होत नाही. माळ जातो आणि जंगलही येत नाही. लांडगा, काळवीट, तणमोर, माळढोक हे सगळे उघड्या गवताचे जीव. १९६९ च्या सुमारास देशात साडेबाराशेच्या आसपास माळढोक असल्याचा अंदाज होता, आज दीडशेच्या घरात उरले आहेत. कर्नाटकात तो तग धरून आहे तो बळ्ळारीकडच्या सिरुगुप्प्याजवळ. माळढोकही वर्षाला एकच अंडं घालतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, उडताना समोरची तार त्याला वेळेत दिसत नाही आणि जड अंगामुळे ऐनवेळी वळताही येत नाही. म्हणजे स्वच्छ ऊर्जा म्हणून आपण जिचं कौतुक करतो, त्या वाऱ्या-उन्हाच्या विजेच्या तारांनीही तो मरतो. ऊस वाईट, वीज वाईट असा निकाल देऊन मला मोकळं होता येत नाही. आपल्याकडचा साखरेचा पैसा कुणाच्या घरात आला नाही? माझी तक्रार इतकीच की माळाचा शेवटचा तुकडा राखून ठेवायचा प्रश्न कधी कुणाच्या अजेंड्यावर आलाच नाही. मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगरांनी हे माळ शतकानुशतकं वापरले आणि लांडगा तरीही टिकला.

इथून मी अडचणीच्या प्रश्नाकडे येतो. भीमगडच्या पोटात तळेवाडी, गवळी, कोंगळा, पास्टोली, देगाव, आमगाव, कृष्णापूर अशी गावं आहेत. बहुतेक माणसं मराठी बोलणारी. या गावांना बाहेर काढायचं, कुटुंबामागे पंधरा लाख द्यायचे, असं धोरण आहे, आणि तळेवाडीपासून त्याची सुरुवातही झाली. खानापुरात यावर दोन प्रकारचं बोलणं ऐकू येतं. एक, गावं गेली की जंगल वाचेल. दुसरं, ही मराठी गावं उठवायची चाल आहे. मला दोन्ही पटत नाहीत.

ही गावं तिथे कित्येक पिढ्या आहेत, आणि त्यांच्या शेजारी बारापेडेचं वटवाघूळही आहे. गावांमुळे ते संपायचं असतं तर केव्हाच संपलं असतं. गावकऱ्यांना साधूसंत ठरवायचंही कारण नाही. डुकरासाठी ठेवलेला गावठी बॉम्ब कुणाचाही जबडा उडवतो, फास लावला तर त्यात बिबट्याही अडकतो, आणि ओहोळात विष टाकून मासे धरणारे बाहेरून येत नाहीत. तरीही तुलना करायची तर नीट करावी. आजारी माणसाला चिखलातून झोळीत घालून आणावं लागतं, आणि गावचा रस्ता मागितला की जंगलाचं कारण पुढे येतं. त्याच तालुक्यात महामार्ग रुंद करताना, कालवा खोदताना ते कारण दुबळं पडतं. ज्यांना शाळा-दवाखान्यासाठी बाहेर यायचं आहे त्यांनी सुखाने यावं, पैसे वेळेवर आणि पुरते मिळावेत. पण गावं हलवली म्हणजे भीमगडचा हिशेब चुकता झाला असं वनखात्याने समजू नये. सर्वांत लहान रक्कम आधी वजा करून मोठ्या रकमा तशाच ठेवण्यासारखं ते होईल.

आणि मराठी माणसांशीही थोडं बोलायला हवं. १९५६ पासून आपण सीमा या विषयावर जगत आलो. एक नोव्हेंबरला काळा दिन पाळतो, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या दाव्याची तारीख विचारतो. ते बरोबर की चूक हा या लेखाचा विषय नाही. पण जमिनीवर इतका हक्क सांगणाऱ्या समाजाला त्या जमिनीवर काय उगवतं, काय उडतं याचं कुतूहल असायला हवं होतं. आपल्या पेपरांत खानापूरचं जंगल येतं ते हत्तीने ऊस तुडवला किंवा गव्याने धडक दिली तेव्हा. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बिबट्या बेळगावच्या गोल्फ मैदानाच्या परिसरात शिरला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या, शोधासाठी हत्ती आणले गेले, तेव्हा महिनाभर शहर दुसरं काही बोलत नव्हतं. तो तिथवर का आला हे विचारणारे त्या गर्दीत कमीच होते.

मग करायचं काय? मला भाषणं नकोत, वृक्षारोपण सप्ताह तर मुळीच नकोत. म्हादईच्या पाण्यासाठी केंद्राने २०२३ च्या फेब्रुवारीत ‘प्रवाह’ नावाचं प्राधिकरण मंजूर केलं. मुख्यालय पणजीला, आणि तिन्ही राज्यं एका टेबलावर. इतकी वर्षं जे अशक्य म्हटलं जात होतं, ते टीएमसी मोजण्यापुरतं तरी शक्य झालं. त्याच टेबलावर दुसरी वहीही उघडता येईल. म्हादईच्या खोऱ्यात रस्ता, रेल्वे, वाहिनी, खाण, कालवा, रिसॉर्ट यांपैकी काहीही करायचं असेल, तर अर्जासोबत त्याच खोऱ्यात तिन्ही राज्यांनी आजवर दिलेल्या परवानग्यांची बेरीज जोडावी लागेल, असा नियम करता येईल. कणकुंबीच्या कामाबद्दल सत्तरीच्या माणसाला आणि सत्तरीतल्या कामाबद्दल खानापूरच्या माणसाला हरकत घेता आली पाहिजे. आज जनसुनावणी जिल्हावार होते. आणि नुकसान मोजताना भागाकार संपूर्ण नदीने किंवा संपूर्ण जंगलाने न करता, तो जीव जेवढ्या जागेत राहतो तेवढ्या जागेने करावा.

यावर पहिला आक्षेप येईल तो कामं रखडतील हा. काही रखडतील, काही बंदही पडतील. तिनईघाटचा दुसरा रूळ न्यायालयात अडला, तो सगळा अभ्यास आधी झाला असता तर आधीच अडला असता, आणि त्यावर खर्च झालेला वेळ नि पैसा वाचला असता. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: एकमेकांवर खटले भरणारी तीन सरकारं वटवाघळासाठी एकत्र बसतील का? वटवाघळासाठी बसणार नाहीत. पण पाण्यासाठी ती आता बसतात, आणि पाण्याचा झरा उन्हाळ्यात चालू ठेवणारं जंगल तेच आहे. तेव्हा दुसरी वही पहिलीला शिवून टाका, एवढीच मागणी पुढच्या बैठकीआधी आपल्या आमदारांकडे, पंचायतींकडे आणि जमलं तर मोर्च्याच्या निवेदनातल्या शेवटच्या कलमात तरी जायला हवी.